ओटीतला ब्लाउजपीस

आई, तुझा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, डॉक्टरांच्या हसण्यावर तर नव्हताच. धाकट्याची मूत्रपिंडं सुजली, त्याचा चेहरा पुरीसारखा फुगला आणि मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं बाहेरून आणा, नाहीतर आमच्या हातात काही नाही. बाबांचा पगार खाड्यांनी आधीच अर्धा झाला होता. बाबांबरोबर हिंगण्याच्या कंपनी बसनं जाणाऱ्या माणसांनी आपसांत वर्गणी काढली. बाबा ती घेऊन आले आणि तू त्यांना आल्या पावली परत पाठवलंस. "आज देतील, उद्या चारचौघांत बोलून दाखवतील. फुकट कोणी कोणाले काही देत नाही." बाबांचा तेव्हाचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

मग एका दुपारी मावशी वॉर्डात येते. बाबांच्या बसमधल्या दोस्ताची बायको, मूलबाळ नसलेली. धाकट्याच्या खाटेपाशीच ती तुला कुंकू लावते आणि तांदूळ, नारळ, घडी घातलेला ब्लाउजपीस अशी तुझी ओटी भरते. सवाष्णीनं भरलेली ओटी नाकारता येत नाही, म्हणून तू पदर पसरतेस, पण तुझे डोळे तिच्या हातांवर. तिची पाठ वळते न वळते तोच तू सगळं फडक्यात बांधून मला देतेस. "दवाखान्यात कोणी ओटी भरते काय? काहून भरून राहिली ही? तिले लेकरू नाही, माह्या लेकरावर डोळा आहे तिचा. नाल्यात टाकून ये. मांगं पाहू नको वं."

नाल्याच्या काठावर मी गाठ सोडली. ब्लाउजपीसच्या घडीत नोटा होत्या, बसमधली तीच वर्गणी. मी धावत परत आले. गाठ काहून सोडली, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "मले शंका आली." तू नोटा दोनदा मोजल्यास. इंजेक्शनं त्याच संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी तू पैसे परत करायला गेलीस, तर मावशी हसून म्हणाली, "ओटी वापस घेत नसतात वं बाई."

तरी तुझी खोड गेली नाही. दर पगाराला मावशी ओटी भरून जायची. तिच्या ओटीतल्या पैशांचं इंजेक्शन धाकट्याला टोचून झालं की तू मीठ-मोहऱ्यांनी त्याच्यावरून तिचीच नजर उतरवायचीस! "अहो, तिले पाहिजे तरी काय असन?" असं तू विचारलंस, तेव्हा बाबा एकदाच कडाडले, "पोरगं जगलेलं पाहिजे, दुसरं काय!"

पोरगं जगलं. हुडकेश्वरला घर बांधलंय त्यानं, आणि गवंड्यावर तुझ्याइतकाच संशय घेत होता. तू मात्र शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिलीस, "माही पोरगी माह्यासारखीच शंकेखोर, म्हणून लेकरू वाचलं." त्या गोष्टीत मावशी कधीच नसायची. मला राग यायचा, अजून येतो. पण मी तोंड उघडलं नाही, आणि आता हे पत्र टाकायचं तरी कुठे? मिळालं असतं तरी तू खरं मानलं नसतंस.

मला शंकाबिंका काही आली नव्हती, आई. ब्लाउजपीस मोरपंखी होता, आणि मला तो हवा होता.