योहानचे पैसे घ्यायचे कसे?

आकुर्डी,
मंगळवार, दुपारची भांडी आटोपून

तीर्थरूप वन्संना विजयश्रीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे असं समजा. कंबर आता निम्म्यातच थांबते.)

दाजींचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेतात का, की मागच्यासारखाच तुळशीत ओततात? गाय व्यायली का? दिवाळीपासून यायचं यायचं म्हणतेय, पण चाकणच्या चौकात गाडी अशी अडकते, की राजगुरुनगरही आता परदेशातच आहे असं वाटतं. आणि परदेशाच्याच एका भानगडीचं हे पत्र. फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. फोन लावला की हे समोर खुर्ची टाकून बसतात. यांच्याबद्दल यांच्यासमोर काय बोलायचं?

वन्सं, तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. रिटायर झाल्यापासून हे रोज दुपारी पहिली शिफ्ट सुटायच्या सुमाराला "भाजी आणतो" म्हणून बाहेर पडायचे आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. एकदा मी दळण घेऊन येत होते, तर हे त्यांच्या स्कूटरच्या कंपनीच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे. सुटलेली पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर पडत होती आणि हे नुसते बघत होते. मी हाक मारली नाही. घरी येऊन गुपचूप पिठलं टाकलं.

मग एक दिवस यांनी भोसरीच्या भंगारातून लोखंड कातायचा जुना लेथ आणला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. (माझी वाळवणं त्या दिवसापासून गच्चीवर.) आपल्या जुन्या स्कूटरचा, गिअरची तार अडकते तो बोटाएवढा पार्ट तुटला होता. बाजारात आता तो मिळत नाही. यांनी तो घरीच केला. आमच्या तेजस्विनीने त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. तो बघून हॉलंडमधून योहान नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, की त्यांच्याकडे हीच स्कूटर आहे, आपल्याच कंपनीची, वडिलांच्या वेळची, आणि याच पार्टावाचून ती कित्येक वर्षं उभी आहे. यांनी रात्रीचं जेवणसुद्धा शेडमध्ये मागवलं. पार्ट केला, माझ्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळला आणि धाडून दिला. पैसे किती, असं त्यांनी विचारलं तर यांनी कळवलं, "राहू द्या."

राहू द्यायला तो माणूस काही आकुर्डीचा नव्हे. त्याने लाल मेणात बुडवलेला एक गोळा पाठवला. मला ती मेणबत्ती वाटली. लाइट गेली तेव्हा मी ती पेटवायला घेतली, तर घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू गॅस बंद करायला धावत आल्या. ते चीज होतं. मग योहानने लिहिलं, की आमच्या क्लबात अशा बऱ्याच स्कूटरी आहेत, सगळ्यांना पार्ट हवेत, पण फुकट घेणार नाही. पैसे घ्यायची सोय करा, नाहीतर ऑर्डर नाही. "तुमचा स्विफ्ट पाठवा," असंही खाली होतं.

तेजस्विनी तेव्हा ऑफिसात होती. यांनी एका बोटाने उत्तर टाइप केलं, की मी स्विफ्टचं काम करत नाही, फक्त स्कूटरचं करतो. तिकडून आलं, की स्विफ्टशिवाय जमणार नाही. यांचा पारा चढला. "अगं, चारचाकीचं मला काय विचारतो हा? त्या कंपनीला विचार म्हणावं!" संध्याकाळी लेक आली आणि हसून हसून तिचा चहा सांडला. स्विफ्ट म्हणजे बँकेचा कोड, पप्पा. परदेशातून पैसे यायला लागतो तो.

मग बँकेत गेलो. तिथले साहेब चांगले होते, त्यांनी नीट समजावलं. पैसे तिथून निघतात, वाटेत एक-दोन बँका लागतात, त्या आपापलं थोडं कापून घेतात आणि उरलेलं इथे येतं. हे म्हणाले, "म्हणजे उसाची गाडी. कारखान्यावर पोचेपर्यंत वाटेतली पोरं कांडी उपसतात, तसं." साहेब म्हणाले, "तसंच, पण पावती देऊन." छोट्या छोट्या ऑर्डरींना ते परवडेना. गल्लीतल्या सनीने मोबाइलमधलं एक पाकीट सुचवलं. ते सोपं होतं, पण त्याची कापाकापी बँकेपेक्षा जास्त निघाली. मग तो म्हणाला, "काका, सरळ कॉइनमध्ये घ्या." यांनी चष्मा वर करून विचारलं, "कोणत्या धातूचं?" सनी परत फिरकला नाही.

शेवटी तेजस्विनीने एक मार्ग काढला. अशा कंपन्या असतात म्हणे, ज्या योहानच्या देशातच आपल्या नावाचा खाते नंबर देतात. त्याने शेजाऱ्याला दिल्यासारखे तिथे भरायचे, ते रुपये होऊन आपल्या बँकेत येतात आणि सरकारला दाखवायला कागदही मिळतो. मला पटलं. यांनाही पटलं. माल बाहेर धाडायचा तर सरकारी निर्यात नंबर लागतो, तोही तिने काढला. अडलं कुठे, तर 'राव'मध्ये. बँकेत हे सोपानराव आणि पॅनकार्डावर नुसते सोपान. कंपनीने कळवलं, ही दोन माणसं वेगळी वाटतात. त्यात व्हिडिओवर कार्ड गालाशी धरून डोळे मिचकवायचे होते. यांनी ते असे मिचकवले, की समोरच्या पोराने विचारलं, "सर, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का?" अर्ज नामंजूर झाला.

वन्सं, इथपर्यंत मी हसत होते. पण त्या दिवशी यांनी लेथवर गोणपाट टाकलं आणि म्हणाले, "जाऊ दे गं. आपलं झालं आता." दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उचलली. "काय भाजी आणू?"

मी म्हटलं, "भाजी राहू द्या. बँकेत चला. ते 'राव' काढून टाकू."

"राव कसा काढायचा? लोकांनी दिलाय तो."

"लोक देत राहतील. मीही देते. कागदावर सोपान राहू द्या."

यांनी पिशवी खुंटीला परत अडकवली. मग म्हणाले, "तू कधी मला राव म्हणालीस?" बत्तीस वर्षं 'अहो' म्हणतेय, त्यात राव, साहेब, मालक सगळं आलं की नाही? मी चपला घातल्या आणि पुढे चालू लागले. मागून आले.

नाव बदलून आलं, तसा पुन्हा व्हिडिओ कॉल लागला. या वेळी एक मुलगी होती. तिने कार्डं पाहिली आणि विचारलं, "सर, तुम्ही काय काम करता?" मला धडकी भरली, कारण हे असल्या प्रश्नाला "रिटायर" एवढंच सांगतात. पण हातात तयार पार्ट होता. हे बोलायला लागले. पोलाद कोणतं, तापवायचं किती, तेलात कधी बुडवायचं. डोळे मिचकवायचे विसरून गेले, आणि हसायला लागले तेही त्यांना कळलं नाही. मुलगी मध्ये एकदाच बोलली, "सर, आमच्या पप्पांकडे होती ही स्कूटर. मी पुढे उभी राहायचे." हे म्हणाले, "मग तुझ्यासमोरची ती सामानाची पेटीसुद्धा कंपनीतल्या आमच्याच शॉपमधली, बाळा." मी पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरतेय असं दाखवलं. (कांदा नव्हता. बटाटा होता.)

काम झालं. परवा क्लबाच्या पहिल्या ऑर्डरीचे आगाऊ पैसे आले. फोन वाजला, लेक नाचली. यांनी किती आले ते विचारलं नाही. म्हणाले, "कोणाकडून ते लिहिलंय का त्यात?" योहानचं नाव होतं. मागोमाग त्यांनी वडिलांची स्कूटर चालू झाल्याचा व्हिडिओ पाठवला. यांनी तो बघितलाच नाही. फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "इंजिनचं टायमिंग जरा मागं हाय. कळवायला पाहिजे." आणि शेडमध्ये गेले.

आता दुपारी भाजी मीच आणते. बाकी सगळं क्षेम. दाजींना नमस्कार, गाईच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

तुमची,
विजयश्री

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. हे रोज विचारतात, "ताईचा फोन आला होता का?" तुम्हाला ही बातमी कळावी असं त्यांना फार वाटतं, पण स्वतः सांगणार नाहीत. लहानपणी तुमच्या शिलाई मशीनची चाकं खोलून तुमचा मार खाणारा तो हाच, हे तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या त्यांना. मी कळवलं म्हणू नका.

ता. क. २. पैशांचं विचारू नका. पार्ट कसा केला ते विचारा. मग फोन बाजूला ठेवून भाकरी थापा, मध्ये मध्ये 'व्हय' म्हणा, पुरे.

(याच्या खाली, कागदाच्या कडेला, वेगळ्या अक्षरात:)

ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडं आलं. मी काही वाचलेलं न्हाई. फोन गुरुवारी कर. त्या दिवशी लाइट नसती, लेथ बंद असतो. आन् हिनं आणलेली भाजी चांगली नसती, शिळी आणती, पण तिला सांगू नको. — सोपान