जपानी मशीन आणि तुझं पांढरं लुगडं

माय, आज दुपारी दुकान लवकर बंद केलं आणि तुझं पांढरं लुगडं कापलं. जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायचीस, तेच. तू गेल्यापासून ते माझ्या कपाटात होतं. तुझ्या बाकीच्या लुगड्यांचं काही ना काही केलं, पण ह्याला कात्री लावायचा धीर होत नव्हता. आज लावली. का लावली ते सांगते, म्हणजे वरून शिव्या देणार असशील तर सगळं ऐकून दे.

पुण्याच्या एक बाई माझ्याकडून कुर्ते शिवून घेतात. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी एक जपानी मशीन माझ्या दुकानात आणून ठेवली. ह्या मशीनला वरून दोरा ओवायचाच नाही. सगळा दोरा खाली बॉबिनमध्ये. सुई खाली जाते, आकड्यात दोरा धरून वर ओढते, एक टाका घालते, मग थोडी जागा सोडून पुढचा टाका. वरून बघशील तर अगदी हाताचा धावदोरा. जपानातल्या बाया म्हणे पूर्वी निळ्या जाड कापडाला पांढऱ्या दोऱ्यानं असंच शिवायच्या, फाटलेलं सांधायला, थंडीसाठी दोन कापडं एक करायला. मग त्यातच लाटा आल्या, चौकडे आले, माशाच्या खवल्यासारखी नक्षी आली. बाईंनी फोटो दाखवले तशी मी म्हणाले, "अवो बाई, ही तर आमच्या मायची वाकळ हाय की!" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्याकडे आणली." हातानं शिवल्यासारखं दिसावं म्हणून मशीन! तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "का बरं, हात वाळून गेले का लोकायचे?"

मला मात्र त्या दिवशी हसू नाही आलं. तुझं ते अंगण आठवलं. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की तू शेजारच्या उमरीत घरोघर जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायला जायचीस आणि मी तुझ्यामागं. मोठं घर आहे, ओसरी आहे, ओसरीवर सावली आहे. आणि तू खाली अंगणात, निंबाच्या बुडाशी. ऊन सरकेल तशी तू सरकतेस. ज्या वाकळीत ते घर सगळं झोपणार, ती शिवणारीनं ओसरीची पायरी चढायची नाही. पाणीसुद्धा वरून ओतायचे. घरधनीण वाकळ हातात घेऊन आधी पालथी करायची, मागचा टाका बघायची. तुझ्या वाकळीला मागची बाजू नव्हतीच ग, दोन्हीकडून सारखीच. तरी ती बघायची, आणि तू मान खाली घालून उभी राहायचीस. मला तेव्हा कळायचं नाही, पण राग यायचा. आता कळतं, आणि आताही राग येतो.

एकदा तू पाणी प्यायला उठलीस आणि मी तुझी सुई उचलली. चार टाके घातले असतील नसतील. तू आलीस आणि माझ्या हातावर असा फटका दिलास की सुई कुठल्या कुठं उडाली. रात्री भाकर थापता थापता म्हणालीस, "सुईला हात लावू नको. हातात सुई दिसली की लोक अंगणात बसवतेत. मशीनवर बसलीस तर गिऱ्हाईक तुझ्या दारात यील." आणि तू ते खरं केलंस, माय. उमरीतल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या घरच्या सगळ्या वाकळा शिवून दिल्यास आणि त्याची जुनी पायमशीन घेतलीस. यष्टीच्या टपावर चढवून आपल्या गावात आणलीस. कंडक्टर कुरकुर करायला लागला तर म्हणालीस, "हळू घ्या दादा, माझी लेक हाय वर." मी खाली तुझ्या शेजारीच बसले होते, सगळी यष्टी हसली.

तर गिऱ्हाईक माझ्या दारात येतं, माय. लातुरात, डाळमिलच्या मागं, कापडावर डाळीचा भुसा बसतो म्हणून दिवसातून दहादा झटकावं लागतं, पण दार माझं आहे. हातशिलाई मी शिकले नाही. साधं हुक लावायचं असलं तरी दुकानातल्या पोरींना देते. त्या गालात हसतात, हसू देत.

आता लेक बाळंतपणाला आली. देगलूरच्या दवाखान्यात नर्स आहे तुझी नात, नववा लागला तरी खुर्चीवर टेकत नाही. आल्या आल्या म्हणाली, "आई, बाळाला आजीच्या लुगड्याची वाकळ पायजे. दुकानातलं ते फुग्याफुग्याचं ब्लँकेट नको." मला काय, मशीन होतीच. तुझी निळी लुगडी काढली, चांगली पाच पदर घातले आणि बसले ऐटीत. खट्! सुई मोडली. मी मशीनला नावं ठेवली. मग तूच कानात बोललीस, नाचता येईना अंगण वाकडं. तीन पदर केले. मग धावली मशीन. निळ्यावर पांढऱ्या लाटा अशा उतरल्या की पोरी काम सोडून बघायला आल्या. तूही म्हणाली असतीस, निळा तर आपलाच रंग. एका ओळीच्या शेवटाला गाठ मारायची राहिली तर दोरा ओढताच अख्खी ओळ उसवून हातात आली. पुन्हा घातली. त्या दिवशी मला वाटलं, तुझा हात परत आला.

लेकीला दाखवली. तिनं काय करावं? आधी पालथी केली! कुणी शिकवलं नाही ग तिला. आणि मागं सगळे दोरे सैल, एकावर एक चढलेले. ह्या मशीनचं तसंच असतं, तिची कला सगळी वरच्या बाजूला. लेकीनं त्यातून बोट फिरवलं, दोऱ्यात नख अडकलं. "छान झालीय," म्हणाली, "पण बाळाचं बोट गुतलं तर? राहू दे आई, भिंतीला लावू." भिंतीला! तुझी वाकळ भिंतीला! मला रात्रभर झोप नाही.

मागून मऊ अस्तर लावल्याशिवाय इलाज नव्हता. आणि घरात तुझ्या पांढऱ्या लुगड्याइतकं मऊ काही नाही, धुऊन धुऊन साय झालंय. पण ते लावायचं कशानं? जपानी मशीननं लावलं तर सैल दोरे पुन्हा मागंच येणार. साध्या मशीनची टीप मारली तर वरच्या लाटा मरणार. राहिला हात. पोरींना सांगितलं असतं तर त्यांनी चुटकीसरशी करून दिलं असतं. नाही सांगितलं. तुझं लुगडं दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

म्हणून शटर अर्धं ओढून, पंखा लावून, दुकानात खुर्चीवर बसले आणि सुई हातात घेतली. मला वाटलं फटका बसेल. बोटाला सुई टोचली तेवढीच. संध्याकाळी लेकीनं वाकळ पुन्हा पालथी केली, गालाला लावली, आणि बाळाच्या पिशवीत घडी घालून ठेवली.

हा कागद कुठं पाठवायचा, मशीनच्या खणात राहील. तुझा शब्द मोडला माय, पण मी अंगणात नाही बसले. आणि एक, वाकळीचं मागचं अंग बघू नकोस. टाका लई वाकडा आलाय.