भिंतीआडून बसवलेलं नाटक

आई, तू गेलीस तेव्हा चौतीस वर्षांची होतीस. मी आता सेहेचाळीसची आहे. कधी कधी वाटतं, माझ्यापेक्षा लहान बाईशीच बोलते आहे.

तू रांधायचीस ते मठाचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे येतं. धुरानं काळी झालेली खिडकी, खाली कृष्णा, आणि मधल्या कुडाच्या भिंतीपलीकडे सोपा. पुण्यतिथीला होणारं संताच्या चरित्राचं नाटक त्याच सोप्यात बसायचं. मास्तर नाटक बसवतात, असं सगळं गाव म्हणायचं. माझ्या शाळेचे मास्तर. वही घेऊन खुर्चीवर बसायचे. पण सोंगं घेणाऱ्यांचे कान भिंतीकडे असत. विधवेनं तालमीत यायचं नाही, हा मठाचा नियम. तू भाकरी थापता थापता ऐकायचीस आणि चुकलं की कढईच्या काठावर पळी मारायचीस. एक ठोका म्हणजे पुन्हा. मास्तरही मान डोलावून म्हणायचे, "हं, पुन्हा." प्रयोगाच्या वेळी तू पंगतीच्या स्वयंपाकात असायचीस. इतकी वर्षं नाटक बसवलंस, पण पाहिलं एकदाही नाहीस.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना म्हणून त्या वर्षी नाटक दुपारी ठेवलं. संताच्या आईचं काम रजेवर आलेल्या शिपायाकडे होतं. तो पाणी प्यायला दाराशी येतो, ओठावर हात ठेवून उभा राहतो.

"काकू, मिशी काढली तर पलटणीत काय सांगू?"

"देवाला वाहिली म्हन. आन् ते छाती बडवनं बंद कर."

"आवं, पोरगं घर सोडून निघालंय. आई रडंल न्हाई व्हय?"

"बाय लगीच रडत न्हाई, बाबा. हातातलं काम आधी संपवती. भाकरी थापत ऱ्हा. पोरगं बोललं की हात थांबव. मग तीच भाकरी पुरी कर."

नाटकाच्या सकाळी तू माझी वेणी घालत होतीस. साताऱ्याहून येणारे मठाचे महाराज दरवर्षी प्रयोगानंतर नाटक बसवणाऱ्याला आपल्या गळ्यातला हार देत, आणि पुढच्या वर्षी त्याला शेजारी बसवून नाटक दाखवत. तशी मठाची रीतच होती. तू हळूच म्हणालीस, "महाराजांनी इचारलं तर खरं सांग. मला एकदा समोरनं बघायचंय गं."

शिपायानं भाकरी पुरी केली तेव्हा अंगणातले बापे माना खाली घालून बसले होते. मी पडद्याजवळ बसून विसरलेले शब्द सांगत होते, म्हणून प्रयोग संपल्यावर महाराजांनी मलाच विचारलं, "पोरी, ही भाकरी कुणी शिकवली?" मास्तर माझ्या मागे उभे होते. मी म्हणाले, "मास्तरांनी."

हार मास्तरांच्या गळ्यात पडेपर्यंत मी थांबले. आता पळी वाजेल, एक ठोका, आणि मी पुन्हा सांगेन, नीट सांगेन. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मधे एकदा तुझा हात थांबला होता का, ते मला कळलं नाही.

घरी तू मला जेवायला वाढलंस, वेणी सोडलीस. त्याच उन्हाळ्यात विषमज्वरानं गेलीस. पुढच्या वर्षीही मास्तरच महाराजांशेजारी बसले. शिपाई रजेवर आला नव्हता. दुसरा कुणी आईच्या वेषात छाती बडवत होता, आणि सगळे म्हणत होते, छान केलं.

मी नाटकं लिहिते, बसवतेही. गेल्या महिन्यात सांगलीला तालमीनंतर एका मुलीनं विचारलं, "बसवायला कुणाकडून शिकलात, बाई?" मास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली. समोर घाबरावं असं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "आमच्या मास्तरांकडून." आणि उगीच थोडं थांबले, मागच्या भिंतीकडे कान देऊन.

मास्तरांची भीती वाटली, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. ते खरं नव्हतं. साऱ्या गावासमोर मला मठातल्या स्वयंपाकीणबाईची पोर व्हायचं नव्हतं. हे लिहायला इतकी वर्षं लागली, आणि लिहूनही कागद कपाटातच ठेवते आहे, साड्यांच्या खाली, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.