ओसाकात मेलेली आजी

बुधवार संध्याकाळ, हॅलिफॅक्स, कॅनडा

ओठ फाटलाय, दाढ हलतेय. एका हाताने बर्फ धरून लिहितोय.

गेल्या वीकेंडला ओसाकात एकटाच भटकलो. एवढं अवाढव्य शहर, जपानी एक शब्द येत नाही. पण तिथे बोटांची बंदूक करून 'ठो!' केलं की अनोळखी माणूससुद्धा मरायची ॲक्टिंग करतो. दोन दिवस नुसते मुडदे पाडले! मासेवाला पडला, शाळेची पोरं पडली. एक आजी तर छाती धरून, जीभ बाहेर काढून भिंतीवरून घसरली. मग उठून खो खो हसली.

हात शिवशिवत होता. आज बसमध्ये समोरच्या माणसाला 'ठो!' केलं. त्याने शेजारी बसलेल्या आपल्या पोरीला खाली ढकललं, स्वतः तिच्यावर पडला. वाटलं, हा आजीच्याही वरचा! टाळ्या वाजवल्या मी.

तो उठला आणि थोबाडावर ठोसेच ठोसे. "आमच्या देशात खरी गोळी येते!" मोडक्या इंग्लिशमधून ओरडत होता. ड्रायव्हरने त्याला ओढलं. मला विचारलं, "बडी, पोलीस बोलवू?"

नको म्हटलं.

कारण पोरगी अजून खालीच होती. डोळे मिटून, श्वास रोखून. आजीपेक्षा भारी मेली होती. कुणीतरी शिकवलं असणार.