शस्त्रपूजेचा दगड

प्रिय नंदकुमार भावोजी,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलंय ना तुम्ही? ठीक आहे, मग कुरिअरने पत्र घ्या. चिपळूणला जाऊन बसलात म्हणून सुटलात असं समजू नका. ही शुभा चारकोपहूनही तुमचा कान पकडू शकते.

आधी तब्येत. ह्यांचा उजवा हात आता थोडा उचलला जातो, भिंत धरून बाल्कनीपर्यंत जातात. पण बोलणं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द नाही हो. डॉक्टर म्हणतात, शब्द आत आहेत, बाहेर यायला आतून ओढ लागली पाहिजे. मी बोलून बोलून दमले. मॅचचं विचारलं, गावच्या घराचं विचारलं, शेवटी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. आयुष्यभर मिठावरून घर डोक्यावर घेणारा माणूस, मुकाट जेवला! त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले.

दगड तसेच आहेत शोकेसमध्ये. दर रविवारी तुम्ही दोघं टेकडीमागच्या ओढ्यात जायचात आणि हे खिसे फाटेस्तोवर दगड आणायचे, आदिमानवाची हत्यारं म्हणून. तुम्ही फिदीफिदी हसायचात. हे तुम्हाला गाढव म्हणायचे, तुम्ही ह्यांना आदिमानव, आणि माझा चहा होईपर्यंत दोघांची जुंपलेली असायची. मग दिवाळीच्या फराळाला भर पाहुण्यांत तुम्ही सांगून टाकलंत, हत्यारं-बित्यारं काही नाहीत, शेजारच्या खडी मशीनचा माल आहे. ह्यांनी तुम्हाला दार दाखवलं. त्याच महिन्यात झटका आला. तुम्ही हॉस्पिटलात आलात, पण काचेबाहेरूनच परत गेलात. तुमच्या मनात काय बसलंय ते मला तेव्हाच कळलं. वेड लागलंय का तुम्हाला? बीपीच्या गोळ्या ह्यांनी आपल्या मनाने बंद केल्या होत्या. तुमच्या बोलण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता बातमी. समोरच्या जयंतीची भाची इरावती कॉलेजात पुरातत्त्व शिकवते. परवा ती आली, तेव्हा तिला शोकेस उघडून दिलं आणि ह्यांना समोर खुर्चीत बसवलं. एकेक दगड तिने उन्हात फिरवून पाहिला. तुमचंच बरोबर होतं, भावोजी. बहुतेक सगळे मशीनने फुटलेले, कडा ताज्या, फुटलेत तेही वेडेवाकडे. मला ह्यांच्याकडे बघवेना. पण एका दगडाशी ती थांबली. तळहाताएवढा, बदामासारखा. म्हणाली, ह्याच्या दोन्ही बाजूंनी ठोके देऊन कपच्या काढल्यात, आणि त्या खळग्यांवरही बाकीच्या दगडासारखाच जुना तांबूस रंग चढलाय, म्हणजे हा फुटून फार काळ लोटलाय. हत्यार असू शकतं.

नक्की का नाही, तर तुमच्या मित्राचा पराक्रम! दसऱ्याला शस्त्रपूजा म्हणून ह्यांनी सगळे दगड चिंच लावून घासले, लखलखीत केले, वर हळदकुंकू वाहिलं. मीच आरती म्हटली होती. चिकटलेली जुनी माती गेली म्हणून त्या पोरीने कपाळाला हात लावला. आता एकाच गोष्टीने काही कळेल, तो दगड नेमका कुठे मिळाला. ओढ्याचा कुठला काठ, वरचा थर की खालचा. तिला तिथे लवकर जायचंय, बाजूला टॉवरचं खोदकाम निघतंय.

तिने तो दगड ह्यांच्या डाव्या हातात दिला आणि विचारलं, काका, कुठे मिळाला? ह्यांचे ओठ हलायला लागले, मान ताठ, चेहरा लाल. मी घाबरून पाणी आणायला उठले, तेवढ्यात मागून आवाज आला. जड, अडखळता, पण स्वच्छ. इतक्या महिन्यांतले पहिले शब्द, आणि तेही बायकोसाठी नाहीत! म्हणाले, "गाढवाला विचार."

म्हणून विचारतेय. म्हणजे तो तुम्हालाच सापडला होता ना? फोनवर सांगू नका. इथे या, ह्यांच्यासमोर बसा, आणि जागा साफ चुकीची सांगा. बघू, गप्प कसे राहतात ते.

चहाचं आधण ठेवून बसलेली,
तुमची शुभावहिनी