पारमिताच्या प्रदर्शनातला अठरावा नग

९ जून २०२५, सोमवार
धाकटी बहीण पारमिता आजपासून दर तीन आठवड्यांनी निपाणीहून बेळगावात केमोला येणार. दवाखाना आमच्या घरापासून चार किलोमीटर. संकल्प : दर वेळी तिच्या शेजारी जाऊन बसायचं. थोरला भाऊ कशाला असतो? आजचा दिवस मात्र हुकला. मच्छे गावातल्या आमच्या फौंड्रीत ऑडिट होतं. क्वालिटीचा हेडच जागेवर नाही, असं कसं चालेल?

३० जून, सोमवार
निघालो होतो. अर्ध्या वाटेत आठवलं, अशा पेशंटला इन्फेक्शन लगेच होतं. केवळ तिच्या भल्यासाठी मागे फिरलो. मोबाईलवर हलणाऱ्या सूर्यफुलाचं गुड मॉर्निंग पाठवलं. बायकोनं, मंगलनं विचारलं, गेलतासा का? म्हटलं, संपर्कात आहे.

२१ जुलै, सोमवार
गेटपर्यंत पोचलो. प्रगती आहे. पार्किंग मिळेना. एक जागा होती, पण तिरकी. पारूचे केस आता गेले असतील. लहानपणी तिच्या वेण्या मीच घालायचो. समोरच्या गाड्यावर चहा घेतला आणि परत आलो. रात्री जेवलो नाही. चहा खराब असणार.

२२ सप्टेंबर, सोमवार
शेवटचा डोस झाला. सुटलो. म्हणजे, ती सुटली. रोज एक सूर्यफूल, एकही खाडा नाही. संकटात खंबीरपणे पाठीशी उभा राहिलो, असं म्हणायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार
पारूचा फोन. शनिवारी इथंच तिचं प्रदर्शन. निपाणीच्या शाळेत ती चित्रकला शिकवते. डॉक्टरांनी स्क्रीनवर तिला तिच्याच पेशी दाखवल्या होत्या. त्या तिनं लाकडी ठोकळ्यांवर कोरल्या आणि शाई लावून कागदावर छापल्या. म्हणाली, आण्णा, आजारपणात कोण कोण येऊन बसलं त्यावर हाय सगळं. तुझ्या नावाचीबी एक प्रिंट हाय, ये बघायला.
मी गेलो नव्हतो, तरीही! कलावंताला भावना कळतात. चार शब्द बोलावे लागणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
चार शब्दांची चार पानं झाली. शीर्षक : कला, पेशी आणि भाऊ. नवीन जाकीट आणलं. मंगल म्हणाली, तुमास्नी बोलायला कुणी सांगितलंय? असं आयत्या वेळी सांगतात, हे तिला माहीत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
सगळं लिहून टाकतो.
एकूण अठरा प्रिंट्स. लाल, जांभळ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी. प्रत्येकीखाली नाव. भावकू, म्हणजे तिच्या शाळेचा शिपाई. बसनं दोनदा आला होता म्हणे. शेजारच्या जयाबाई, दर वेळी आंबील घेऊन यायच्या. शेवटची प्रिंट, खाली ‘दीपंकर आण्णा’. आणि कागद पांढरा फटक!
तीस वर्षं कास्टिंगमधले दोष पकडतोय. मोठ्यानं म्हणालो, हा नग रिजेक्ट आहे, शाईच लागलेली नाही, पास कुणी केला? भावकू जमिनीकडे बघायला लागला.
पारू आली. डोक्यावर बोटभर नवे केस. हळूच म्हणाली, आण्णा, ठोकळा कोरला, कागदावर दाबलाबी. शाई तेवढी लावली न्हाय. तू आला न्हाईस न्हवं. बोट फिरवून बघ.
फिरवलं. पांढऱ्यावर पांढऱ्या उठलेल्या पेशी बोटाला लागल्या. माझ्यासाठीही तिनं तेवढंच बारीक कोरलं होतं. लाज वाटली. चारही पानं जाकिटातच राहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार
पारूची तपासणी. रजा टाकली. नऊ वाजता दवाखान्यात हजर, तिच्याही आधी. ती आल्यावर एका दमात सांगून टाकलं, कामबिम काही नव्हतं गं, मला भीती वाटत होती. ती म्हणाली, मलाबी लई वाटत हुती.
मग रक्त घ्यायला तिला आत बोलावलं. सोबत गेलो. म्हटलं, घाबरू नको, मी आहे. तिनं हात पुढे केला, नर्सनं सुई काढली. एवढंच आठवतं.
डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर होतो. पारू शेजारी स्टुलावर बसून मला वारा घालत होती. दुसरी नर्स आत आली. तिनं कन्नडमध्ये विचारलं, पेशंट यारू? म्हणजे, पेशंट कोण?
पारूनं माझ्याकडं बोट केलं.