ओंडक्यावरची बुरशी

उदगीर,
१८ एप्रिल २०१६

अब्बांना वहिदाचा सलाम.

तब्येत बरी असेल. गुडघ्याला तेल लावता की नाही? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. मराठीतच लिहिते, माझी उर्दू वाचून तुम्ही हसाल.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते पेपरात वाचलंच असेल. इथं टँकर. मुलींचं हॉस्टेल रिकामं झालंय. भिंतीभिंतीवर ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ रंगवलंय, त्यात आपला मामूंचा खाजाभाई पुढे. म्हणतो, जिल्हा झाला की पाणी येईल. म्हटलं, रंग कालवायला पाणी कुठून आणलंस तेवढं सांग.

मला एका जागी बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते. प्रयोगशाळेची वीज कधीही जाते, आणि ऊन असं की काचेच्या नळीतली बुरशी सुकत चाललीय. तीच, आपल्या वखारीतल्या कडुनिंबाच्या ओंडक्यावरची.

तुमच्या लेखी ती लाकडाची दुश्मन. पण लाकूड पचवायला ती जे एन्झाइम सोडते, ते मी गाळून घेते. गव्हाच्या कोंड्यातून काढलेल्या एका द्रव्यात ते मिसळलं की नवंच काही तयार होतं. हवेनं तेल बिघडतं, ते हे अडवतं. करडीच्या तेलात थोडंसं टाकून पाहिलं. शेजारच्या साध्या बाटलीतलं तेल केव्हाच खवट झालं. हे अजून ताजं आहे. मी एकटीच हसत सुटले. सांगायला जवळ कोणी नव्हतं.

मग ओंडका आठवला. थंडीत मी पुन्हा तुकडा घ्यायला आले, त्याच सकाळी तुम्ही तो जाळून टाकला होता. वखारीत सागवान भरलेलं, तुमची भीती खोटी नव्हती. पण हमालांसमोर म्हणालात, “लाकूड खानाऱ्याला पोसनारी पोरगी मला न्हाई पायजे.” ओंडक्याचं मी विसरले असते. हे विसरता आलं नाही, म्हणून तेव्हापासून घरी आले नाही.

आता त्या बुरशीची ही एकच नळी उरलीय. गुरुवारी दुपारच्या गाडीनं ती घेऊन देगलूरला येते. आपल्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात ठेवायची आहे. झाकण घट्ट आहे, वखारीत काही पसरणार नाही. अम्मी कुरकुर करेल, तिचं मी बघते.

अम्मीच सांगत होती, वखारीसमोर टपरी असताना तुम्ही हल्ली चहाला रोज स्टँडवर जाता. उदगीरची गाडी येऊन रिकामी होईपर्यंत बसता म्हणे. 

माझी गाडी पुढे नांदेडला जाते. तुम्ही स्टँडवर दिसलात तर उतरेन. नाही दिसलात तर नळी मांडीवर घेऊन तशीच पुढे जाईन. तिथल्या कॉलेजातल्या मॅडम ती ठेवून घ्यायला तयार आहेत.

हो अब्बा, फ्रिज नांदेडलाही आहे.

लाकूड खाणाऱ्याला पोसणारी,
तुमचीच
वहिदा